हलक्या विमानाचं वजन

सिम्युलेटरमधलं माझं नॅट लढाऊ विमान लोहगावच्या धावपट्टीवरून उडतं, पण अडखळत उडतं. पडद्यावर एक चित्र येतं, ते जरा विसावतं, मग पुढचं येतं. संगणकाचा पंखा मात्र आकांतानं किंचाळत असतो, त्यामुळे आवाजाची बाजू भक्कम आहे. "मामा, तुझं विमान हँग होतंय," भाचा म्हणाला. ते हँग होत नाही, त्यात तपशील फार आहेत, असं मी त्याला समजावलं. समजावताना माझा सूर एखाद्या बुजुर्ग गवयानं 'आमच्या घराण्यात विलंबितच गातात' म्हणावं तसा लागला होता.

तपशील म्हणजे किती? खुर्चीच्या पट्ट्याच्या बकलची जीभ. कॉकपिटमधल्या घड्याळाची चावी. स्विचांखालची पांढरी अक्षरं, आणि अंगठा लागतो त्या बाजूला ती जरा जास्त पुसलेली. पॅनेलच्या मागची वायरिंगसुद्धा मी केली आहे. वैमानिक पॅनेल पुढून बघतो; मागून बघायचं तर त्याला विमानाच्या नाकात शिरावं लागेल.

"मागून कोण बघणार आहे?" बायकोनं विचारलं.

"पण तिथे काही नाही हे मला माहीत असतं ना."

"आपल्या फ्रिजच्या मागे काय आहे, ते माहीत आहे का तुला?"

या प्रश्नाला विमानशास्त्रात उत्तर नाही.

नॅटची लांबी ८.७४ मीटर आणि पंखांचा विस्तार ६.७३ मीटर. आकडे कागदावर वाचून समाधान होईना, म्हणून एका रविवारी मी हॉलमध्ये टेप लावला. नाक टीव्हीला टेकवलं तर कॉकपिट सोफ्यावर येतं आणि शेपूट जिन्यात जाते. मधली भिंत पाडली तर पंखही बसतील. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी अजून विचारलेलं नाही.

इथे मला नॅट घडवणाऱ्या पेटरबद्दल थोडं सांगायचं आहे. घरात हा विषय निघाला की माणसं उठून कुकर बघायला जातात.

विल्यम एडवर्ड विलोबी पेटर, ऊर्फ टेडी. आडनाव ओळखीचं वाटलं असेल तर ते शेतावरच्या इंजिनामुळे. इंग्लंडातल्या योव्हिल गावी अर्नेस्ट आणि पर्सिव्हल या जुळ्या भावांनी तेलावर चालणारी इंजिनं करायला घेतली, तीच ही पेटर इंजिनं. राजकोटकडचे कारखाने 'पेटर टाइप' इंजिनं बनवतात, ते नाव तिथलंच. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, याच पेटरांनी विमानं बांधायला वेस्टलँड नावाचा कारखाना काढला. अर्नेस्टचा मुलगा म्हणजे आमचा टेडी. केंब्रिजला शिकला, वडिलांच्या कारखान्यात लागला आणि तिशीच्या आत त्यानं लायसँडर विमान केलं. माणूस हुशार, हट्टी आणि चिडका. कुठेही फार दिवस कोणाशी पटायचं नाही. १९४४ मध्ये घरचा कारखाना सोडून तो इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये गेला आणि तिथे त्यानं कॅनबेरा बॉम्बर काढलं. ते १९४९ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आपल्या हवाई दलानं ते थेट २००७ पर्यंत वापरलं. तिथूनही हा उठला आणि १९५० मध्ये फॉलंड नावाच्या लहानशा कंपनीत आला. लायसँडर, कॅनबेरा आणि नॅट, एकाच माणसाची तीन विमानं भारतीय हवाई दलानं उडवली, आणि चौकांना नावं देताना कुणाकुणाची आठवण येणाऱ्या आपल्या शहरांत याच्या नावाचा साधा बोळ माझ्या पाहण्यात नाही.

त्याचं म्हणणं असं, की लढाऊ विमानं वर्षागणिक जाड होत चालली आहेत. वजन वाढलं की इंजिन मोठं लागतं, मोठ्या इंजिनाला इंधन जास्त, जास्त इंधनाला पंख मोठे, मोठ्या पंखांनी पुन्हा वजन. या फेऱ्यात विमान इतकं महाग होतं की घ्यावं तर चारच घ्यावीत आणि जपून वापरावीत. त्यानं फेरा उलटा फिरवला. लहान ऑर्फियस इंजिन घेतलं आणि त्याच्याभोवती जेमतेम एक माणूस आणि ३० मिलिमीटरच्या दोन तोफा मावतील एवढंच विमान केलं. रिकामं वजन सुमारे २,२०० किलो. त्याच्या समोर उभं राहणारं पाकिस्तानचं सेबर रिकामंच पाच हजारांच्या घरात. आणि काटकसर तरी कशी! वेगळे फ्लॅप नाहीत. उतरताना एलेरॉनच खाली झुकून फ्लॅपचं काम करणार. वेगळे एअरब्रेक नाहीत. चाकं अर्धवट बाहेर काढली की त्यांची झाकणं वाऱ्याला अडवणार. प्रत्येक भागाला दोन नोकऱ्या. मध्यमवर्गीय मराठी घरात जन्माला यायचा तो इंग्लंडात आला.

१८ जुलै १९५५ रोजी नॅट उडालं. ब्रिटिश हवाई दलानं ते लढाऊ विमान म्हणून घेतलंच नाही. दोन आसनांचं करून मुलांना शिकवायला घेतलं. फिनलंडनं मूठभर घेतली. मनापासून घेतलं ते भारतानं, आणि बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये परवान्यावर बांधलंही. १९५९ मध्ये फॉलंड एका मोठ्या कंपनीच्या पोटात गेली, तेव्हा पेटरनं राजीनामा दिला, स्वित्झर्लंड गाठलं आणि एका धार्मिक पंथाच्या वसाहतीत जाऊन राहिला. विमानं कायमची सोडली. १९६८ मध्ये वारला. वजन उतरवायचं म्हटल्यावर या गृहस्थानं ते शेवटपर्यंत उतरवलं.

आणि अशा माणसाच्या विमानावर मी लाखो पॉलिगॉन, म्हणजे आकृतीचे बारीक बारीक तुकडे, चढवतो आहे. त्यानं ग्रॅम ग्रॅम वाचवला. मी प्रत्येक रिव्हेटला गोलाई दिली. रिव्हेट पत्र्याशी समतल असतात, दिसूच नयेत अशी ती ठोकलेली असतात. त्यामुळे ती न दिसतील, पण आहेत हे कळेल, अशा बेतानं ती उमटवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. जाणकार सांगतात की लांबून बघताना साधी आकृती दाखवावी आणि जवळ गेल्यावरच बारकावे उघडावेत, म्हणजे संगणकाला दम लागत नाही. तत्त्वतः मला हे पटतं. पण लांबून बघतानासुद्धा वायरिंग तिथे असावी असं मला वाटतं.

विमानाचा देह ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घडतो, जीव मात्र आकड्यांच्या फायलीत असतो. कोणत्या कोनात किती उचल, पोटातलं इंधन संपत आलं की गुरुत्वमध्य किती सरकतो, चाकांच्या स्प्रिंगा किती ताठ. स्प्रिंगचा आकडा फसला की सिम्युलेटर सुरू होताक्षणी उभं असलेलं विमान छताइतकी उडी मारतं आणि पाठीवर पडतं. मुलांना हा भाग फार आवडतो. "मामा, परत कर ना," म्हणतात.

तोफांवर मात्र भाचा चिडला. १९६५ च्या आणि १९७१ च्या लढाईत नॅटच्या तोफा ऐन वेळी अडकत, हे नोंदलेलं आहे. मग मीही तशी सोय केली. नेम धरावा, घोडा दाबावा आणि कधी कधी काहीच होऊ नये. "तुझी बंदूक बिघडलीये," तो म्हणाला. ती बिघडलेली नाही, अस्सल आहे, असं मी अभिमानानं सांगितलं. त्यावर तो ज्या नजरेनं माझ्याकडे पाहत राहिला, तीच नजर त्याच्या आईची आहे.

त्यालाच पुढे श्रीनगरचं मिशन हवं होतं. १४ डिसेंबर १९७१ ला सकाळी सहा सेबर श्रीनगरच्या तळावर आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी नॅट उचललं, एकट्यानं त्यांच्याशी झुंज घेतली आणि ते परतले नाहीत. हवाई दलाला आजवर मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र. मी श्रीनगरची धावपट्टी लावली, डिसेंबरची सकाळ लावली, डोंगरात धुकं भरलं, आणि विमान टोकाला आणून उभं केलं. सेबर मात्र लावली नाहीत. हरलो तर एस्केप दाबून पुन्हा उडायचं, हा खेळ त्या सकाळचा करायला हात धजेना. भाच्याला सांगितलं, सेबरचं मॉडेल तयार नाही. ते तयार आहे.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपल्या देशात चौथऱ्यांवर उभी केलेली नॅटं कमी नाहीत, पण त्यांच्याकडून शिकावं असं त्यांच्यात फार थोडं उरलं आहे. स्वातंत्र्यदिन आला की रंगाचा डबा येतो. पत्र्यावरच्या सूचना, झाकणांच्या कडा, अनुक्रमांक, सगळ्यावर एकच चंदेरी हात फिरतो. मी पाहिलेल्या एका विमानाची तर कॅनॉपीची काचसुद्धा रंगवली होती, आतल्या अंधारात कोणी डोकावू नये म्हणून की काय. हवा आत घेणाऱ्या तोंडात पाण्याची रिकामी बाटली. उलट ३ सप्टेंबर १९६५ ला आपलं एक नॅट पाकिस्तानात पसरूरला उतरलं आणि त्यांच्या हाती लागलं. ते आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे, आणि लोकांनी त्याचे फोटो भरपूर काढले आहेत. माझ्या मॉडेलच्या डाव्या बाजूचे कितीतरी बारकावे मला कराचीहून मिळाले. ज्या विमानाला आपण अभिमानानं सेबरचा काळ म्हणतो, त्याची झाकणं मोजायला कराचीकडे बघावं लागावं, यात हसण्यासारखं काही सापडलं तर मला कळवा.

ए विंगमधले काका हवाई दलात फिटर होते, सार्जंट म्हणून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं अंबाल्याला नॅटच्या पोटाखाली गेली. मी त्यांना मॉडेल दाखवायला बोलावलं ते कौतुक ऐकायला, उगाच खोटं कशाला बोला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक पडद्याला लावलं आणि माउस माझ्या हातून काढून घेतला. विमान फिरवून फिरवून ते पोटाखाली गेले.

"स्वच्छ आहे."

"होय ना?"

"फार स्वच्छ आहे. तेल कुठंय?"

हायड्रॉलिकचं लाल तेल. झाकणाच्या फटीतून निघून मागे ओघळणारं, धूळ धरून काळपट झालेलं. ते कुठून कुठे जातं, हे काकांनी पडद्यावर बोटानं काढून दाखवलं, आणि पडद्यावर खरोखरच बोटाचा तेलकट माग उमटला. मी तो पुसला नाही. त्याकडे बघून दुसऱ्या दिवशी टेक्श्चर केलं.

मग म्हणाले, "लाव इंजिन." मी स्पीकर मोठा केला. काकांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, तसं त्यांनी ते काढून खिशात टाकलं. "कान यानंच घेतले माझे. आता काय ऐकू येणार?" असं म्हणून त्यांनी तळहात टेबलावर सपाट ठेवला आणि डोळे मिटले. मी थ्रॉटल पुरा पुढे सारला. फ्रेम अडखळत होत्या, पंखा किंचाळत होता. थोड्या वेळानं काका म्हणाले, "टेबल हलत नाही रे."

दुसऱ्या आठवड्यात मी मोठा वूफर आणला. टेबल आता हलतं, सोबत कपाटातल्या वाट्याही हलतात, आणि या मुद्द्यावर घरात बोलणी चालू आहेत. काका संध्याकाळी येतात, हात ठेवून बसतात, चहा घेतात आणि प्रत्येक वेळी नवी चूक काढतात. पॅनेलच्या मागची वायरिंग मी त्यांना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि दोन वायरी जागच्या हलवायला लावल्या. बायको तेव्हा चहा घेऊन आत आली होती. मागून बघणारा माणूस तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्यामुळे पॉलिगॉन कमी करण्याचा विषय माझ्यापुरता संपला आहे.

आता फक्त पुढच्या चाकाची खाच राहिली आहे. तिच्या छताचा धड फोटो मला कुठेच मिळालेला नाही, आणि काकांना तिथलं सगळं आठवतं, पण दर वेळी वेगळं आठवतं. तुमच्या गावात, छावणीत, एखाद्या बागेत चौथऱ्यावर नॅट असेल तर कृपा करून खाली वाका आणि पुढच्या चाकाच्या वर कॅमेरा धरून एक फोटो काढा. रखवालदार शिट्टी वाजवेल. त्याला सांगा, विमानाचं काम चालू आहे.