मामा, जहागीर गेली, शेंगा आहेत

बसवनगुडी, बंगळूर



मामा, तुमचं पत्र पोचलं. 'बंगळूर आपलंच' हे त्यात पानोपानी आहे. १६३८ साली विजापूरकरांनी शहाजीराजांना ही जहागीर दिली, कबूल. पण १६८७ मध्ये मोगलांनी ती घेऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना विकली, ते तुम्ही सोयीस्कर गाळता. तीन लाख तर आमच्या घरमालकांनी नुसती अनामत मागितली! तेव्हा स्टेशनवर रिक्षावाल्याला इतिहास सांगू नका, मीटर बघा.

आमचा भाग तसा अलीकडचा. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठेतली दाटी कमी करायला वसवलेला. इथला ब्यूगल रॉक हा खडक मात्र तीनशे कोटी वर्षांचा. वर झाडांना वटवाघळं लटकलेली, खाली पेन्शनर मंडळी देश चालवतात. शेजारी बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या वेळचं नंदीचं देऊळ. नंदी अखंड दगडातला, साडेचार मीटर उंच, तेल पिऊन काळाकुळकुळीत. त्यानं म्हणे शेतकऱ्यांच्या शेंगा फस्त केल्या, म्हणून नवं पीक आधी त्याला. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला, मग नंदीनं खाल्लं काय, असं तुम्ही विचारणारच. पुजाऱ्यांपुढे विचारू नका. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी 'कडलेकाई परिषे' भरते, तेव्हा बुल टेंपल रोडवर शेंगांचे ढीगच ढीग: कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. चव बघता बघता पोट भरतं.

गांधी बाजारात गजरा हातावर मोजतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. तुमची सूनबाई लांब हातांची फुलवाली हेरून ठेवते. मी भाव करायला गेलो की दोघी मिळून कन्नडमध्ये हसतात.

अभिमानच हवा असेल तर एक पत्ता देतो. डी. व्ही. गुंडप्पा या कन्नड लेखकानं १९४५ साली इथे आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावानं संस्था काढली. ती अजून चालू आहे. माझ्या मते जहागिरीपेक्षा हा व्यवहार फायद्याचा झाला.

परिषेला मामींना घेऊन याच. फक्त बाहेर खायला शुक्रवार टाळा. १९४३ पासूनचं विद्यार्थी भवन हे हॉटेल त्या दिवशी बंद असतं, आणि तिथला मसाला डोसा चुकला तर मामी मला बोलतील. येताना कंदी पेढे जास्त आणा, घरमालकांनाही द्यायचेत.

तुमचा भाचा