हेडरमाहात्म्य

१९६७ च्या मस्टँगमध्ये ३९० घनइंची व्ही-८ इंजिन बसवताना फोर्डने शॉक टॉवरलगत, म्हणजे पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आधारखांबालगत, बोटभर जागा मोकळी सोडली. केवढी ही उधळपट्टी! अमेरिकी शौकिनांनी तिथे लांब नळ्यांचे हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, कोंबून ती सत्कारणी लावली. त्यासाठी माउंटचे बोल्ट सोडवून अख्खे इंजिन जॅकवर उचलावे लागते. तेवढाच त्याला हवापालट. स्पार्क प्लगपर्यंत पाना पोचत नाही, त्यामुळे प्लग बदलण्याचा खर्च वाचतो. नळ्या खाली लोंबतात, म्हणून प्रत्येक गतिरोधकाची यथोचित दखल घेतली जाते. आता पुढची सुधारणा उघडच आहे: इंजिनच काढून टाकावे, हेडर ऐसपैस बसतील. अश्वशक्ती वाढते, यात शंका नाही; फक्त ती मोजून घ्यायला गाडी टो-ट्रकवरून न्यावी लागते.