लेक व्ह्यू फ्लॅटची जाहिरात लिहिणाऱ्यास



आमच्या खडकवासल्यातल्या टॉवरचं माहितीपत्रक मिळालं. मजकूर झकास आहे. फोटोत धरण निळंशार, मागे सिंहगड, आणि गावातला माणूस औषधालाही नाही. एवढी स्वच्छता महापालिकेलाही जमलेली नाही!

तरी दोन-चार गोष्टी आपल्या नजरेतून सुटल्या आहेत. प्रकल्पाचं नाव बदलून 'लेक फाइफ' करा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात धरण बांधलं तेव्हा जलाशयाला हेच नाव दिलं होतं. विलायती नावाला भाव येतो, आणि हे तर इथलंच आहे. शेजार मात्र नीट सांगा. एनडीएचा उल्लेख केलात, पण १९१६ साली स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र कसं विसरलात? पाण्याचा एवढा अभ्यास दुसऱ्या कुठल्या उपनगराच्या नशिबी आला असेल?

आता पाण्याचंच. 'मुबलक पाणी' हे आपले शब्द अगदी खरे आहेत. मुबलक पाणी आमच्या दारावरून जातं. बंद जलवाहिनीतून पर्वतीला जातं, तिथे शुद्ध होतं आणि पुण्यात पोचतं. २०२१ साली आम्हीही पुण्यात गेलो, म्हणजे आमची गावं महापालिकेत आली. पुण्याचं पाणी काही लगोलग आमच्याकडे आलं नाही. जानेवारी २०२५मध्ये गीयाँ-बारे सिंड्रोमची (जीबीएस) साथ पसरली, शेजारच्या नांदेड गावच्या विहिरीकडे बोट दाखवलं गेलं, तेव्हा कुठे मुंबई-दिल्लीला कळलं की धरणाच्या कडेची माणसं विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकून पितात. साथीत माणसांचे हातपाय लुळे पडत होते. हा मजकूर माहितीपत्रकात बसणार नाही, ठाऊक आहे. निदान 'बघायला धरण, प्यायला टँकर' एवढं तरी छापा. यमक जुळवणं आपलं काम.

बाल्कनीतून रविवारची चौपाटीही दिसेल. कणसं, कांदाभजी, मोटारींची रांग, आणि सोमवारी सकाळी पाण्याकाठी उरलेल्या पत्रावळ्या. धरणाच्या वरच्या अंगाला फार्महाऊस आणि हॉटेलं वाढताहेत. त्यांचं सांडपाणी कुठे जातं हे गिऱ्हाइकानं विचारलं, तर 'नैसर्गिक उतार' म्हणा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फोटोत न मावलेला एक ग्रामस्थ

ता. क. : 'स्वारगेट अवघ्या २५ मिनिटांवर' हे कोणत्या वारी, किती वाजता, तेवढं कळवा. आम्हीही त्याच वेळी निघू.