वडखळ नाक्यावर पोल पोझिशन

नवी मुंबईत पामबीच रोडवर मोटारींची शर्यत भरवायची घोषणा 2025 साली झाली, तेव्हा आमच्या पेणमध्ये चहाच्या टपरीवर एकाने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं? आपण रोज वडखळपर्यंत तेच करतो." टपरीवरची मतं मी गांभीर्याने घेतो. अग्रलेखांच्या मानाने ती स्वस्त असतात आणि सोबत चहा मिळतो.

विचार केला तर मुद्दा रास्त होता. 2023 च्या फेब्रुवारीत हैदराबादकरांनी हुसेनसागराच्या काठाने पावणेतीन किलोमीटरचा रस्ता अडवून विजेवरच्या गाड्या पळवल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये चेन्नईने रात्रीच्या उजेडात साडेतीन किलोमीटरवर शर्यत घेतली. आता नेरुळकडच्या मंडळींनाही डोहाळे लागले. मग रायगड जिल्ह्यानेच काय घोडं मारलंय? म्हणून रविवारी दुपारी नातवाची नकाशावही घेतली, लाल पेन्सिल घेतली, आणि पेण-रोहा आंतरराष्ट्रीय सर्किट आखायला बसलो.

सुरुवातीची रेघ रोह्यात. याला इतिहासाचा आधार आहे : कोकण रेल्वेचं शून्य किलोमीटर रोह्याला आहे. रेल्वेने जिथून मोजायला घेतलं तिथून आपणही घ्यावं. शिवाय रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. ज्या देवाच्या नावातच धाव आहे त्याला डावलून शर्यत सुरू करणं बरं नव्हे. महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, म्हणजे गाड्या सोडायला लागणारा बारही गावातल्या गावात.

तिथून कुंडलिका ओलांडून अष्टमी, मग भिसे खिंडीची चढण आणि वळणं, खाली उतरून नागोठणे. नागोठण्याला उजवीकडे वळून मुंबई-गोवा महामार्ग, सुकेळी खिंड, खांब, कोलाड. कोलाडला पुन्हा उजवीकडे, धाटावच्या कारखान्यांचा वास छातीत भरून घेत परत रोहा. सर्किट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. यात राजकारण शोधू नये. रोह्यातून काहीही आखायला घेतलं की ते आपोआप तसंच फिरतं.

नकाशा टपरीवर नेला आणि पहिली हरकत आली : यात पेण कुठाय? पेण एका मतदारसंघात, रोहा दुसऱ्यात. नुसत्या रोह्यात शर्यत झाली तर पेणमध्ये मोर्चा ठरलेला. म्हणून नागोठण्यापासून वडखळमार्गे पेणपर्यंत एक शेपूट जोडलं. गाड्यांनी पेणच्या रामवाडीपर्यंत यायचं, वळायचं, आणि आल्या वाटेने परत जायचं. शर्यतवाले याला हेअरपिन म्हणतात. भूमिपूजनं अर्थातच दोन होतील, नारळही दोन.

शेपूट जोडल्यावर लांबी पाहिली आणि माझा ऊर भरून आला. मोनॅकोचं जगप्रसिद्ध सर्किट 3.337 किलोमीटर, आमच्याकडे एवढ्यात नीट तिसरा गिअरही पडत नाही. जर्मनीचं जुनं नुर्बुर्गरिंग वीस किलोमीटरच्या थोडं पुढे. आइल ऑफ मॅन बेटावर 1907 पासून मोटारसायकली पळवतात, तिथल्या हल्लीच्या सार्वजनिक रस्त्यांवरची एक फेरी साठेक किलोमीटरची. पेणच्या शेपटासकट आपण त्यांच्याही पुढे जातो. गुणवत्तेत नसेल, पण लांबणीत रायगडचा हात धरणारा कोणी नाही.

लांबणीवरून आठवलं. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. हे आमचं इंदापूर, माणगावजवळचं. त्याच वर्षी ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट उभं राहिलं आणि भारतात पहिल्यांदा फॉर्म्युला वन झाली. तिथे 2011, 2012, 2013 अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. मग फॉर्म्युला वन भारत सोडून निघून गेली. फेटेलची आणखी काही वर्षं सुगीची गेली, काही पडतीची, आणि 2022 साली तो निवृत्त झाला. एका माणसाची अख्खी कारकीर्द उतरणीला लागून संपली आणि आमच्याकडे 'काम चालू, वाहने सावकाश हाका' हा फलक नव्याने रंगवून झाला. आता याला कोणी रखडलेलं काम म्हणत असेल तर म्हणो. मी याला सहनशक्तीची शर्यत म्हणतो. फ्रान्सातल्या ल माँला असली शर्यत चोवीस तास चालते, एवढंच.

या कामामुळे सर्किटाचा खर्च मात्र बेफाम वाचणार आहे. सरळ रस्त्यावर गाड्यांचा वेग आटोक्यात ठेवायला शर्यतवाले मुद्दाम उजवी-डावी वळणं घालतात. त्यासाठी परदेशात वास्तुरचनाकार नेमतात. आपल्याकडे ती सोय कंत्राटदारांनी अगोदरच करून ठेवली आहे : इकडून लाल-पांढरी पिंपं, तिकडून 'पर्यायी मार्ग', मध्येच अर्ध्या पुलाचे खांब, आणि रात्रीत जागा बदलणारे बाण. मोनॅकोच्या ड्रायव्हरला आपल्या वळणाचा पत्ता तरी ठाऊक असतो. आमचं वळण काल जिथे होतं तिथे आज नसतं.

गटाराच्या झाकणांचंही तेच. 2023 च्या नोव्हेंबरात लास वेगासला रस्त्यातलं एक झाकण निखळलं, त्याने कार्लोस साइन्झची फेरारी खालून फाडली, आणि पहिला सराव आठ-नऊ मिनिटांत गुंडाळावा लागला. तेव्हापासून झाकणं रस्त्याला नीट जखडली आहेत ना, याची तपासणी आणखी कडक झाली म्हणे. आपण याबाबत निर्धास्त आहोत. मुळात झाकणच नसेल तर ते निखळणार कुठून?

आता ड्रायव्हर. मी काही युरोपातून बोलावणार नाही. पेण, वडखळ, अलिबाग, रोहा या पट्ट्यात ज्याने पाच वर्षं मिनिडोअर चालवली त्याला कुठल्याही सर्किटावर उतरवावं. मिनिडोअर म्हणजे काय ते पुण्यातल्या वाचकांना कळणार नाही. ते तीन चाकांवरचं एक धाडस आहे. त्यात किती माणसं बसतात हे परवान्यावर लिहिलेलं असतं आणि किती बसली आहेत ते फक्त ड्रायव्हरला माहीत असतं.

परवाच्या पावसात मी असाच ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर बसून चाललो होतो. मागे एक मावशी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन. ड्रायव्हर वायपरशिवाय काचेतून पुढे बघत होता आणि तरी एकेक खड्डा चुकवत होता. शर्यतीत वळण घेण्याची जी सगळ्यात वेगवान वाट असते तिला 'रेसिंग लाइन' म्हणतात, टायरांच्या रबराने ती रस्त्यावर काळी दिसते. मी विचारलं, तुमची लाइन कशी ठरते? तो म्हणाला, "यष्टीच्या मागं ऱ्हायचा. त्यांचा डायवर रोजचा आसतो. ट्रेलरच्या मागं कवाच नाय, त्याला खड्डा लागतच नाय, मंग तो चुकवील कशाला?" मग पुढच्या डबक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पान्यावर तेलाचा रंग दिसतो ना? तो खोल हाय. आदल्या गाडीचा चेंबर तिथंच फुटलाय." इंद्रधनुष्यासारखा तवंग होता खरा. ज्या डबक्यावर तो नव्हता त्यातून त्याने गाडी बिनदिक्कत घातली. हे ज्ञान कुठल्याही इंजिनिअरच्या लॅपटॉपात नाही. फॉर्म्युला वनची गाडी जमिनीपासून काही बोटांवर असते. ती सुकेळीच्या आधीच त्या इंद्रधनुष्यात भर घालेल.

अपघात झाला की शर्यतीत सगळ्या गाड्यांच्या पुढे 'सेफ्टी कार' येते आणि तिला ओलांडायची कोणाची छाती नसते. ही भूमिका पेणच्या गणपतीच्या टेम्पोला जाते. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती घेऊन टेम्पो निघाला की तो ताशी पंधराच्या वर जात नाही. सोंड शाबूत पोचवायची असते. मागे जग्वार असो की जेसीबी, सगळे निमूट. हॉर्न वाजवणाराही आधी हात जोडतो.

चाकं बदलण्याचा विक्रम मॅक्लारेन संघाचा आहे, 2023 साली कतारमध्ये 1.80 सेकंद. आमच्या पंक्चरवाल्याला तेवढ्या वेळात "बसा" म्हणता येतं. पण तिकडे तेवढ्यात ना चहा मिळतो, ना पेणचे पापड घेता येतात, ना पंक्चर एक नसून तीन होती हे कळतं.

पावसाची धास्ती नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायचं तर वर भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटायची वाट बघावी लागते. महामार्गावर तसली अडचण नाही. गुरांची थोडी आहे. बैलगाडा शर्यतीचं भांडण 2014 ते 2023 सर्वोच्च न्यायालयात चाललं आणि अखेर बैलांना पळायची मुभा मिळाली. पण पावसाळ्यात आमच्या बैलांना पळायची मुळीच इच्छा नसते. ते रस्त्याच्या मधोमध, कोरडी जागा बघून, रवंथ करत बसतात. त्यांच्यासाठी वेगळा झेंडा ठेवला आहे.

राहिली नियमावली. हा भाग मी मिनिडोअरमध्येच ड्रायव्हरला समजावून सांगितला. म्हटलं, आंतरराष्ट्रीय शर्यत म्हणजे पोरखेळ नाही. परदेशी माणसं येऊन रस्ता तपासतात. डांबर गुळगुळीत लागतं, पाणी साचून चालत नाही, कठडे लागतात. वळणावळणाला झेंडे घेतलेली माणसं, जागोजाग डॉक्टर, अँब्युलन्स. शिवाय एक हेलिकॉप्टर तयार ठेवावं लागतं. 2020 साली नुर्बुर्गरिंगला धुक्यात ते हेलिकॉप्टर उडू शकलं नाही, तर शुक्रवारचा अख्खा सराव रद्द केला. एकही माणूस जखमी नव्हता, नुसता होईल की काय म्हणून.

तो बराच वेळ गप्प होता. खांबच्या पुढे त्याने दोन खड्डे चुकवले, तिसऱ्यात मुद्दाम घातली. मागून मावशी म्हणाल्या, "माझ्या आईला रातच्याला म्हमईला न्यायला सांगितला होता. पनवेलला पोचंस्तवर..." आणि बोंबलांवरचं प्लॅस्टिक सारखं करू लागल्या.

"येवरा सगला शर्यतीसाठी करतील?" ड्रायव्हरने विचारलं.

"करावंच लागतं. त्याशिवाय परवानगी नाही."

"आनि उद्घाटनाला साहेब येतील?"

"येतील की. दोन-दोन वेळा."

"मंग त्यो हेलिकॉप्टर कॅन्सल करा," तो म्हणाला. "हेलिकॉप्टर ठेवलात तर साहेब त्यातूनच येतील. मंग कुनी डांबर टाकत नाय."

कोलाडला उतरलो, सुटे पैसे दिले, घरी आल्यावर लाल पेन्सिलीने नागोठण्याजवळ काढलेला हेलिपॅड खोडून टाकला. जखमी ड्रायव्हर मग नेहमीसारखाच जाईल, रस्त्याने, पनवेलकडे. पुढे यष्टी असली तर बरं.