शाळा सोडल्याचे कारण

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचा हंगाम आला, की फेटे बांधलेली सत्तरी-ऐंशीतली माणसं माईक हातात घेतात. कळंब असो, उमरगा असो, परंडा असो, भाषण ठरलेलं. आमच्या वेळी गुरुजी फोकानं झोडपायचे, म्हणून आम्ही घडलो.

मारानं माणूस घडत असता, तर सगळ्यात जास्त मार खाल्लेली पोरं आज पहिल्या रांगेत दिसली असती. ती कुठं आहेत?

ती चौथीच्या आत पळाली.

आठवण सांगायला आधी वर्गात टिकावं लागतं. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या जुन्या शाळेचं चित्र टिकलेल्यांनी रंगवलेलं आहे. बाकीच्यांचीही शाळा होती. कुणाची दोन वर्षं, कुणाची एका पावसाळ्यापुरतीच. तिची आठवण कुणी विचारली?

मुळात इथली गोष्ट मुंबई-पुण्यासारखी नाहीच. १५ ऑगस्ट १९४७ला तिकडं शाळाशाळांत तिरंगा चढला. इकडं तो हातात धरला तर तुरुंग. राज्य हैदराबादच्या निजामाचं, वरच्या वर्गांत गणितसुद्धा उर्दूतून. मराठीतून पुढं शिकायचं, तर सरहद्द ओलांडून बार्शी किंवा सोलापूर गाठायचं. बार्शीत मामासाहेब जगदाळ्यांचं बोर्डिंग होतं. पण पोराला परमुलखात ठेवायची ऐपत किती घरांत होती?

आणि हिप्परगा होतं. आजच्या लोहारा तालुक्यातलं खेडं. १९२१ साली तिथं राष्ट्रीय शाळा निघाली, ती लोकांच्या बळावर. पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक झाले. अख्ख्या हैदराबाद संस्थानाचा लढा चालवणारा माणूस आपल्या एका खेड्यात फळ्यासमोर उभा होता! मेळाव्यांच्या भाषणांत त्यांचं नाव किती वेळा येतं?

फोकाचं मात्र दर भाषणात येतं.

१३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून फौज नळदुर्गात शिरली, १७ला निजाम शरण आला. त्याआधी रझाकारांच्या भीतीनं कित्येक घरं सरहद्दीपलीकडं गेली होती, पोरांची वर्षं बुडाली होती. हे आपण सांगतो. सांगायलाच हवं.

त्यानंतरचं का सांगत नाही? या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. सर्वाधिक होरपळलेल्या ४ जिल्ह्यांत चौकशीसाठी आलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबादचं नाव घेतलं, आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. त्या घरांतली पोरंही शाळेत जात होती. कुणाचा बाप गेला, कुणाचं घर गेलं, आणि थोड्याच काळात वर्गाची भाषाही बदलली. तीही याच जिल्ह्याची माजी विद्यार्थी आहेत.

आता सारवण. शनिवारी सकाळची शाळा, शेणानं जमीन सारवायची, केवढी मजा! असं सांगतो कोण? मुलगा. सारवत कोण होतं? मुली. न्हाण आलं, की तीच मुलगी घरी बसवली जायची आणि सारवण तिकडंही सुटायचं नाही. मुलगा मॅट्रिक झाला आणि त्याला सारवलेल्या जमिनीचा वास आठवतो.

पाण्याच्या रांजणाचं तर कुणी बोलतच नाही. अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. तो दिल्लीहून रांजणापर्यंत पोचायला आणखी किती वर्षं लागली, हे ज्यांना वरून ओंजळीत पाणी घातलं जायचं त्यांनाच ठाऊक. त्यांच्यासाठी छडी ही दुय्यम गोष्ट होती. गुरुजी छडीसुद्धा लांबून फेकून मारत, हे त्यांना लक्षात राहिलंय.

मग तेव्हाचं सगळं वाईट होतं का? मुळीच नाही. उलट चांगलं जे होतं, तेच भाषणातून गळतं, हा माझा खरा राग आहे.

यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पोरांना फीमाफी मिळू लागली. ईबीसी. तीन अक्षरं, पण त्यांनी या कोरडवाहू जिल्ह्यातल्या पोरांना हायस्कुलाचं दार उघडलं. १९५७ साली उस्मानाबादेत रामकृष्ण परमहंस महाविद्यालय आलं. बापूजी साळुंख्यांच्या संस्थेनं कोल्हापूरहून येऊन ते काढलं. म्हणजे मॅट्रिकनंतर आपल्याच जिल्ह्यात कॉलेज. एकशिक्षकी शाळेतले गुरुजी चार वर्ग एका खोलीत सांभाळायचे, पावकी-निमकी पाठ करून घ्यायचे, आणि संध्याकाळी पोराच्या बापाला गाठून सांगायचे, याला गुरांमागं लावू नका. अशा काळात हासेगावचे भास्कर चंदनशिव शिकले, लिहिते झाले, आणि त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा पुढं शाळेच्या पुस्तकात गेली.

तुम्हाला घडवलं ते फीमाफीनं आणि बापाशी भांडणाऱ्या गुरुजींनी. श्रेय मात्र चिंचेच्या फोकाला!

१९७२च्या दुष्काळाचंही तसंच. भाषणात सुकडीची चव येते, मिलोची लाल भाकरी येते, लोक हसतात. खडी फोडायला आईबापाबरोबर गेलेली पोरं दुष्काळ सरल्यावर वर्गात परतली का? त्यांनी तेव्हा सोडलेली पाटी पुन्हा कुणी हातात दिली का?

उत्तर सापडू शकतं. शाळेत एक जाडजूड वही असते, जनरल रजिस्टर. दाखल कधी झाला, कितवीतून गेला, आणि एक रकाना: शाळा सोडल्याचे कारण. २०२३ साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मराठवाड्यात जुनी दप्तरं धडाधड बाहेर आली. निजामकाळातल्या नोंदी वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारे शोधले गेले. सगळ्यांचं बोट जातीच्या रकान्यावर. ज्याला त्याला आपल्या हक्काचा कागद हवा होता, त्यात गैर काही नाही.

पण वही उघडलीच होती, तर बोट चार रकाने पुढं सरकवायला काय हरकत होती?

म्हणून संयोजकांना सांगणं आहे. यंदा फेट्यांची वर्गणी काढण्याआधी मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि आपल्या पहिलीच्या वर्गाची पूर्ण यादी मागा. मॅट्रिक झालेल्यांची नको, दाखल झालेल्यांची. प्रत्येकाचं काय झालं ते गावात विचारा, घरी जा, बोलणं मोबाइलवर टिपून घ्या. पोलीस ॲक्शनच्या वर्षी पहिलीत असलेलं पोर आज ऐंशी ओलांडून गेलंय, त्यामुळं पुढच्या हंगामाची वाट पाहू नका. सुरुवात सारवणाऱ्या मुलींपासून करा. कुणाचं सासर कुठलं, हे गावातली कुठलीही म्हातारी एका दमात सांगेल.