काच फुटली, टॅब नाही

मुलीच्या हातून टॅब निसटला, फरशीवर कोपऱ्यावर आपटला आणि काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं तो हातात घेऊन धड पाहिलाही नाही. मॉडेल नंबर टाइप केला आणि आकडा सांगितला, साडेअकरा हजार. टॅब घेतला होता सतरा हजारांना. "मॅडम, त्यापेक्षा नवीनच घ्या," हेही लगेच सांगून झालं.

नेमकं काय फुटलंय हे न बघता दिलेला हा सल्ला ऐकू नका.

आपण ज्याला सरसकट स्क्रीन म्हणतो, त्यात दोन वस्तू असतात. वर काच आणि तिला चिकटलेला टच, खाली चित्र दाखवणारा डिस्प्ले. बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये, अगदी ॲपलच्या साध्या आयपॅडमध्येही, या दोन्ही वेगळ्या असतात, त्यामुळे नुसती काच बदलता येते. २०१४च्या आयपॅड एअर २ सारख्या वरच्या मॉडेलांत मात्र त्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तिथे बहुतेक वेळा अख्खा कॉम्बो बदलावा लागतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

आपलं काय गेलंय, हे घरीच कळतं. आधी काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर बोटात काच शिरेल. टच चालतोय तोवर फोटो, वह्या, फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. मग पूर्ण पांढरं चित्र उघडा. काळे डाग किंवा उभ्या रेघा दिसल्या तर डिस्प्ले गेला. एखादा आयकॉन बोटानं धरून चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवा. त्याच त्याच जागी सुटत असेल तर टचला मार बसलाय.

आमचा डिस्प्ले स्वच्छ होता. बुधवार पेठेतल्या एका छोट्या गाळ्यात गेले. कारागिरानं कडेनं गरम हवा फिरवली, प्लॅस्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवली आणि गोंद सुटेल तशी ती कासवाच्या गतीनं पुढे नेली. फुटकी काच चिकटपट्टीसकट एका तुकड्यात वर आली. खालचा डिस्प्ले त्यानं दिव्याखाली तिरपा धरला, धुळीचा एकेक कण टिपला आणि मगच नवी काच बसवली. "ताई, टॅबला काही झालंच नव्हतं," तो म्हणाला. दीड तास, बावीसशे रुपये.

दुरुस्तीचा हट्टही धरू नये. बॅटरी फुगून पाठ उचलली गेली असेल, तर तो टॅब चार्जिंगलाही लावू नका. सुरक्षेचे अपडेट बंद झालेत आणि त्यावर बँकेचे व्यवहार करता, तर स्क्रीनवर पैसे घालू नका. बाकीच्यांसाठी माझा हिशेब सोपा आहे: तसाच टॅब आज जितक्याला मिळतो, त्याच्या निम्म्याच्या आत काम होत असेल तर दुरुस्त करा. आपण तीन वर्षांपूर्वी मोजलेली किंमत या हिशेबात धरायची नाही. आणि सोडायचाच ठरला तर तो भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला नाही.

पण हा निर्णय एकट्या ग्राहकाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. सुटा भाग मिळतच नसेल, किंवा त्याची किंमत नव्या टॅबला टेकली असेल, तर आपण ठरवणार काय? युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे: टॅबची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि तो दुरुस्तीला किती सोपा हे लेबलवर छापलं पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. मे २०२५मध्ये एका समितीनं मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-निर्देशांकाचा आराखडाही दिला. तो आकडा प्रत्येक खोक्यावर सक्तीनं छापलेला हवा, आणि त्याच्या शेजारी काचेची किंमत.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. नवा टॅब घेताना कॅमेऱ्याच्या आधी विचारा, "याची काच फुटली तर कितीला, आणि किती वर्षं मिळेल?" पैसे अजून आपल्या खिशात आहेत, तोवरच या प्रश्नाला वजन आहे. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या दुकानात जा.