पाचवं चाक

आमच्या मारुती आठशेच्या नंबर प्लेटवर अजून ‘एपी ०१’ आहे. २०१४ च्या जानेवारीत कारखान्यानं आठशे बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षी २ जूनला आमचं राज्यही बदललं, आंध्र प्रदेशाचं तेलंगण झालं. पुढे आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आमचं भीमपूर मंडलाचं गाव झालं, नव्या गाड्यांवर ‘टीएस’ आलं, २०२४ पासून ‘टीजी’ आलं. गाडी आपली जुन्याच ओळखीवर. एवढ्या उलथापालथीत तिच्यात म्हणण्यासारखा फरक एकच पडला. चाकं गंजली.

पैनगंगेकाठची काळी माती पावसाळ्यात रिमच्या आतल्या घडीत जाऊन बसते आणि तिथून हलत नाही. बाहेरून चाक खडखडीत वाळलेलं, आत चिखल मात्र आठवडाभर ओला. मग रंगाला पापडासारखे फोड येतात; नखानं दाबला की फोड फुटतो आणि खालून तांबूस भुगा गळतो. चाकांच्या टोप्या केव्हाच रस्त्यात कुठे कुठे पडल्या होत्या, त्यामुळे झाकायलाही काही उरलं नव्हतं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, तर चाकं निदान बघण्यासारखी असावीत, म्हणून मी काम काढलं. ते नेमकं पितृपक्षात.

“अहो, या दिवसांत नवं काही करू नये,” घरातून आवाज आला.

“नवं कुठे? जुन्याच चाकांना रंग देतोय.”

“मग रंगही जुनाच आणलाय का?”

याला उत्तर नव्हतं. शेवटी तडजोड झाली. पितृपक्षात घासायचं, घटस्थापनेनंतर रंगवायचं. घासण्याला कुठल्याच पंचांगाची हरकत नसते.

मला वाटलं, तासाभराचं काम. तारेचा ब्रश घेऊन बसलो, वरवरचं लाल निघालं, खूश झालो. तेवढ्यात शेजारचे काका कुंपणापाशी आले. त्यांच्या बैलांच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून चकाकत होता. त्यांनी चाकावरून अंगठा फिरवला आणि तो तांबडा अंगठा मला दाखवला.

“भाऊ, शिंगं साळल्याबिगर रंग धरत नाई. हे त लोखंड हाय.”

शिंगं साळतात हे मला माहीत होतं. पोळ्याआधी वरचा खरबरीत थर खरवडून शिंग गुळगुळीत करतात, मगच रंग आणि बेगड. बैलासाठी जी मेहनत कुणी सांगावी लागत नाही, ती गाडीसाठी मी टाळत होतो. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर आणला. उरलेल्या रंगाची कड घासून अशी उतरवायची, की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये. ती पायरी मोडताना एका चाकाला दोन संध्याकाळी गेल्या. माझ्या आजोबांच्या बंडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवायचा. जाळात तापवून फुगलेली धाव लाकडावर बसवायची, वर पाणी ओतायचं, की ती आक्रसून चाकाला आवळून धरायची. तिला कधी कुणी रंग दिला नाही. वाट रोज घासायची, म्हणून ती चांदीसारखी लखलखायची. आमच्या चाकात रस्त्याला लागतं ते रबर, आणि गंजायचं काम लोखंडाकडे.

पहिलं चाक घासून स्वच्छ केलं, झोपलो. सकाळी बघतो तर त्याच्यावर केशरी झाक. दमट हवेत उघडं लोखंड एका रात्रीतही रंग बदलतं. म्हणजे घासलं त्याच दिवशी प्रायमर लागणार. पुन्हा धर्मसंकट. प्रायमर म्हणजे रंग का? मी म्हटलं, “हे अस्तर आहे, कापड नव्हे.” डब्यातला रेड ऑक्साइड गेरूसारखा दिसत होता, त्याचाही परिणाम झाला असावा. परवानगी मिळाली. पण नुसता प्रायमर पाणी पितो, म्हणून उरलेला पंधरवडा गाडी पत्र्याखालीच उभी. चार लाल चाकांची.

टायर न काढता रंगवायचं, तर रबर झाकायला हवं. चाकातली हवा थोडी कमी केली आणि टायर व रिम यांच्या फटीत लग्नपत्रिका खोचत गेलो, एकीवर दुसरी चढवत, झेंडूच्या पाकळ्यांसारख्या. जाड कागद, शिवाय आमच्याकडे त्यांना तोटा नाही. काही मराठी, काही तेलुगू, काही दोन्ही. स्प्रे मारला तेव्हा कित्येक वधुवरांवर रुपेरी धुकं उतरलं.

ओळीनं एकेक चाक काढायचं, त्याच्या जागी स्टेपनी चढवायची आणि रंगवून वाळलं की परत बसवायचं. पहिल्या चाकाला मी एकाच जाड हातात उरकलं. ओघळ असे आले की चाक रडतंय असं वाटावं. दुसरं पावसाळी संध्याकाळी घेतलं. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते, आणि चकाकीऐवजी पांढुरकं सावट येतं. तिसऱ्याला मी नट बसतात त्या खोबणीतही मन लावून रंग भरला. मेकॅनिकनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. तिथला जाड रंग दाबानं चेपतो आणि नट ढिला पडतो. ती जागा खरवडून घेतली, आणि शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचं मी कबूल केलं. चौथं बरं झालं.

आणि मग स्टेपनी. चौघांच्या बदली राबून झाल्यावर तिची पाळी आली. तोवर हात बसला होता. चारशे नंबरचा पेपर हलकेच फिरवला, थिनरनं पुसलं, दुपारच्या उन्हात पातळ पातळ चार हात दिले, मध्ये दर वेळी चहा. हाताला वाळणं वेगळं आणि नखाला वाळणं वेगळं हेही एव्हाना कळलं होतं, म्हणून तिला आठवडाभर हातच लावला नाही. असं चाक मी आयुष्यात रंगवलं नव्हतं. ते उचललं, डिकीत ठेवलं आणि वर पोतं टाकलं.

दसऱ्याला हार घातला. लोकांनी पहिलं चाक बघितलं, ओघळाचं. ते नेमकं रस्त्याच्या बाजूला येतं.

दिवाळीआधी आदिलाबादच्या वाटेवर मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. पंक्चरनं मी इतका खूश कधीच झालो नव्हतो. दुकानातल्या पोरानं पोतं बाजूला केलं आणि थांबला.

“काका, डिस्क नवी घेतली काय?”

मी काही बोललो नाही. चाक चढलं, नट आवळले गेले. गाडीतून उतरून सौभाग्यवतींनी एक फेरी मारली, पुढून मागे, मागून पुढे.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आता बाकीची चार फारच जुनी दिसतात.”